ऑटोमॅटिक गाडी डी (पुढे), आर (मागे) कशातच हलत नसेल तर गिअरबॉक्स गेला असं समजायचं का?

अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत की तुमच्या मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता ‘बॉक्स (म्हणजे गिअरबॉक्स) उतरवावा लागेल’ म्हटलं, हे वाचून माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य मी ऐकलंय.

माझी गाडी सकाळी व्यवस्थित सुरू झाली. डी टाकला, काही नाही. आर टाकला, काही नाही. ॲक्सिलरेटर दाबला की नुसतं इंजिन ओरडतंय. मेकॅनिकने स्कॅनर लावला, बिघाड सांगणारा एकही कोड आला नाही. त्यावरून त्याचा निष्कर्ष असा की कोड नाही म्हणजे आतलं काहीतरी तुटलंय, पूर्ण ओव्हरहॉल. दादा शेजारीच उभा होता. तो लगेच म्हणाला, “सांगत होतो, ऑटोमॅटिक घेऊ नकोस. मॅन्युअल असती तर ही वेळ आली नसती.”

टोइंगची गाडी येईपर्यंत मी परत सीटवर जाऊन बसलो आणि दांडा हलवून बघितला. हाताला पोकळ लागला, नेहमीचं वजनच नाही. मग डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. दांडा डीवर आणि समोर दिसतंय पी (पार्किंग)! हँडब्रेक सोडून ढकलली तर इंचभर सरकून अडकली. म्हणजे गिअरबॉक्स पीमध्येच होता, माझा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला तर गिअर केबलचं टोक बॉक्सवरच्या आर्मशेजारी लोंबत होतं. त्या टोकातला, केबल आर्मला जोडून ठेवणारा प्लॅस्टिकचा बुश पिवळा पडून फुटला होता, अर्धा तुकडा खाली केसिंगवर पडलेला. उचलला तर चिमटीत भुगा झाला. नवा बुश बसवला आणि गाडी चालायला लागली. त्या बुशसाठी आख्खा बॉक्स खोलणार होते!

तेव्हा आधी केबल बघा. मग गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी, मॅन्युअलमध्ये दिलंय तशीच, कारण काही गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून, आणि काहींना डिपस्टिकच नसते. ऑइल फार कमी असेल तर पंप हवा ओढतो, प्रेशर बनत नाही आणि बॉक्सच्या आतला एकही क्लच पकडत नाही. एन (न्यूट्रल) मधून डीमध्ये टाकताना आरपीएम किंचित खाली येतो का तेही बघा, आला तर बॉक्स पकडतोय. गाडी जागेवर आणि स्पीडोमीटरचा काटा मात्र चढतोय, असं असेल तर बॉक्स काम करतोय, बॉक्सकडून चाकाकडे जाणारा ॲक्सल निसटलाय किंवा तुटलाय. साध्या डिफरेन्शियलला (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) एका बाजूचा ॲक्सल सुटला तरी गाडी हलत नाही. (चाकांवरच्या सेन्सरवरून स्पीड घेणाऱ्या गाडीत ही खूण मिळणार नाही.)

एखादा सोलेनॉइड (बॉक्समधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) गेला तर बहुतेक बॉक्स एका ठरावीक गिअरमध्ये अडकून का होईना, चालतात. पुढे-मागे काहीच नाही म्हणजे केबल, ऑइल, पंप नाहीतर ॲक्सल, आधी तिकडे बघायचं. दादाला हे अजून पटलेलं नाही. त्याच्या लेखी ती ‘ऑटोमॅटिकची खराबी’. अरे, मॅन्युअलच्या दांड्यालाही केबल आणि बुश असतातच की! ते फुटले तर तिथेही गिअर पडत नाही, आणि तेव्हा कोणी मॅन्युअल घेऊ नका म्हणत नाही.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणाऱ्या) बॉक्सबद्दल आहे, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं गणित वेगळं. ऑइल काळं आणि करपलेल्या वासाचं निघालं तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर असू शकतो. ऑइल बदलून बघू का विचारलंत, तर नको, आधी पातळी बघा. कमी असेल तर गळती शोधा आणि तोवर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. खाली वाकण्याआधी चाकांना दगड लावा. केबल सुटलेली असेल तर दांडा पीवर असूनही गाडी घरंगळू शकते.

आणि मेकॅनिकला एवढंच विचारा, लाइन प्रेशर (पंपाने बनवलेलं ऑइलचं प्रेशर) मोजलं का, किती आलं? गेज लावायला बॉक्सवर बहुधा पोर्ट असतो. आकडा सांगता येत नसेल तर बॉक्सला हात लावू देऊ नका.