पितळी ‘सेंट’, दुकानदाराच्या नावाचा

प्रश्न : न्यू जर्सीत जुन्या बाजारात सेंटच्या नाण्याएवढा एक पितळी तुकडा मिळाला, साल 1863. ‘वन सेंट’ ठळक अक्षरांत आणि वर बारीक ‘नॉट’! नकली नाणं आहे का?

उत्तर : नकली नाही, टोकन आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लोकांनी आधी सोनं, मग चांदी आणि 1862 मध्ये साधे सेंटसुद्धा दडवले. गल्ल्यात सुटे नाहीत म्हटल्यावर न्यूयॉर्क, सिनसिनाटीच्या दुकानदारांनी स्वतःची टोकनं पाडून घेतली. ते ‘नॉट’ म्हणजे सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आळ येऊ नये म्हणून काढलेली पळवाट. धंदाही फायद्याचा होता : टोकन पाडायला सेंटपेक्षा कमी खर्च, आणि परत न आलेलं प्रत्येक टोकन निव्वळ नफा. लिंडेनम्युलर नावाच्या न्यूयॉर्कच्या गुत्तेवाल्यानं तर दहा लाखांवर टोकनं वाटली. थर्ड अव्हेन्यूच्या ट्रामकंपनीकडे त्यांचा ढीग साचला. कंपनी ती बदलून मागायला गेल्यावर लिंडेनम्युलरनं साफ हात वर केले, असं सांगतात. एप्रिल 1864 मध्ये ब्राँझचा हलका सेंट मंजूर झाला, जूनमध्ये खासगी नाण्यांवर बंदी आली आणि खेळ संपला.

प्रश्न : पितळी टोकनाला तांब्याच्या टोकनापेक्षा जास्त किंमत येते का?

उत्तर : नुसतं पितळ आहे म्हणून नाही. बहुतेक टोकनं तांब्याची आहेत. त्याच ठशाचं पितळी टोकन अनेकदा कमी सापडतं, पण नेहमीच नव्हे. या टोकनांना क्रमांक देणाऱ्या फुल्ड यांच्या सूचीत क्रमांकाच्या शेवटी ‘ए’ असेल तर तांबं, ‘बी’ असेल तर पितळ. माझा कल विचाराल तर झेंडा-तोफांच्या टोकनांपेक्षा दुकानाचं नाव-गाव असलेली घ्या. खाटीक, औषधवाला, बिअरवाला, सगळा बाजार हातात येतो! छावणीत सैनिकांना माल विकणाऱ्या सटलरांची, पलटणीचा क्रमांक असलेली टोकनं मात्र महाग असतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : चिंचेनं घासलं तर चकाकेल?

उत्तर : चकाकेल, आणि किंमत जाईल. चिंच समईसाठी ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे असं काही झालं होतं का?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात सुट्यांची ओढ इथंही होती. मोरवी, बिकानेरसारख्या संस्थानांनी छोट्या रकमांची कागदी कूपनं काढली. ब्रिटिश सरकारनं 1943 मध्ये धातू वाचवायला भोकाचा पैसा आणला. तो आजीच्या डब्यात सापडला तर जपा, पण दुकानदारी टोकनांच्या पाकिटात घालू नका. तो सरकारी आहे.