कालवाच्या पुडीची साइज 48 की 36?

प्रश्न : सर, भाट्याच्या खाडीतल्या कालवांचे शिंपले धुऊन, वाळवून अगेटच्या खलात सहा तास घोटले. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) कॅल्साइटच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं एक स्फटिकरूप, आलं. शेररच्या सूत्राने (पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, जितका रुंद तितके स्फटिक-कण बारीक) 29.4 अंशांच्या पीकवरून साइज 48 नॅनोमीटर येते, 48.5 अंशांच्या पीकवरून 36. मैत्रीण म्हणते, सरासरी काढून टाक. प्रबंधात काय लिहू?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : सरासरी अजिबात काढू नकोस. सांगण्यासारखं जे आहे ते त्या फरकातच आहे.

शेररचं 1918 चं सूत्र पीकची सगळी रुंदी बारीक कणांच्या खात्यावर टाकतं. तसं खरंच असतं तर दोन्ही पीक्सनी साधारण एकच आकडा दिला असता. तुझा आकडा कोन वाढताच घसरला, कारण स्ट्रेनची, म्हणजे स्फटिकाची जाळी ताणली-दबल्याने येणारी, रुंदी टॅन थीटाप्रमाणे (थीटा म्हणजे पीकच्या कोनाचा निम्मा) वाढते, साइजची मात्र एक भागिले कॉस थीटाप्रमाणे, म्हणजे बरीच सावकाश. सहा तासांत कण फुटले तसे दबले, पिळलेही गेले.

मशीनची स्वतःची रुंदी तू वजा केली आहेस असं धरून, कॉपरच्या क्ष-किरण ट्यूबच्या हिशेबाने मी तुझ्या आकड्यांवर विल्यमसन-हॉलची, म्हणजे साइज आणि स्ट्रेनचा वाटा वेगळा करणारी, रेघ मारली. साइज आली 104 नॅनोमीटरच्या आसपास, स्ट्रेन 0.15 टक्के. तुझ्या पहिल्या आकड्याच्या दुप्पट! पण दोन बिंदूंतून रेघ निघतेच, त्यामुळे हेही छापू नकोस. 100 अंशांच्या पुढपर्यंत सावकाश स्कॅन घे आणि मशीनची रुंदी मोजायला लँथनम हेक्झाबोराइडचा स्टँडर्ड त्याच स्लिटांवर चालव.

मग रिटवेल्ड, म्हणजे गणिताने काढलेला अख्खा आलेख मोजलेल्या आलेखावर बसवण्याची पद्धत. इथे जपून : फुलप्रॉफ या प्रोग्राममध्ये रुंदीच्या आकड्यांपैकी एक्स म्हणजे स्ट्रेन आणि वाय म्हणजे साइज, जीसॅस या दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेमकं उलट. ही अदलाबदल माझ्या हातून झाली होती आणि अख्खा पावसाळा मी साइजला स्ट्रेन समजत बसलो, म्हणून एवढं बजावतोय. एक्स आणि वाय दोन्ही एकदम मोकळे सोडू नकोस, एकमेकांचा वाटा खातात.

हाताने घोटलेल्या पुडीत कण एकसारखे नसतातच. पीकचं टोक अणकुचीदार आणि पाय लांब पसरलेले दिसले तर लॉगनॉर्मल वितरण (बारीक कण पुष्कळ, मोठे मोजके) बसवून बघ. रुंदीवरून मिळणारी साइज आकारमानाने तोललेली असते, मोठे कण तिथे जास्त बोलतात.

आणि एक शिंपला नुसता दोन मिनिटं कुटून त्याचाही स्कॅन घे. कालव शिंपला बांधतानाच त्यात प्रथिनं गुंफतं, त्यामुळे थोडी रुंदी मुळातच असते. हा स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय खलाने किती स्ट्रेन घातला ते कळणार नाही.