चर्चमध्ये पहिल्यांदा साउंड मिक्सरवर बसताना

उपासना दहाला असेल तर तू साडेआठला देवळात हवास. आधी मिक्सर चालू कर, ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी. बंद करताना उलट. गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते, लावताना पाळकांना ‘हॅलो, चेक’ नको, शास्त्रपाठातल्या चार ओळी खणखणीत वाचायला सांग. उपदेश रंगात आला की आवाज चढतो, तो असं वाचून घेतलं तरच आधी कळतो. बोलण्याच्या माइकवर १०० हर्ट्‌झखालचं, म्हणजे अगदी खर्जातलं, कापून टाक. दगडी देवळात आवाज फार घुमतो. गाण्याचे शब्द कळेनासे झाले तर गायकांचा फेडर (आवाजाची सरकती पट्टी) चढवू नकोस, हार्मोनियम आणि ढोलक उतरव. स्पीकरमधून शिट्टी आली तर आधी मॉनिटर, म्हणजे गायकांकडे तोंड केलेला स्पीकर, बघ.

तरुण संघातली पोरं हौसेनं येतात, चालू उपासनेत त्यांच्यावर डाफरू नकोस. महिनाभर केबल नीट गुंडाळायला शिकव, मग माइक हातात दे. आणि तू गावी गेलास तरी रविवार निभेल, असा एक जण लवकर तयार कर.