साडेतीन वर्षांच्या मुलीला स्वतःचे कपडे स्वतः घालायला कसं शिकवावं?
शेवटच्या पायरीपासून सुरुवात करा: चड्डी तुम्ही गुडघ्यापर्यंत चढवा, तिथून कंबरेपर्यंत तिला ओढू द्या. काम आपल्या हातून पुरं झालं हे तिला दिसतं, मग हळूहळू ती पायही स्वतःच घालायला बघते. मी बालवाडीत शिकवते, तिथे हेच करतो. बटणं मात्र अंगावरच्या फ्रॉकवर शिकवू नका, हनुवटीखालचं तिला दिसतच नाही! बाबांचा जुना शर्ट मांडीवर पसरून द्या. माँटेसरी वर्गात याचसाठी बटणांच्या, नाड्यांच्या लाकडी चौकटी असतात. फक्त सकाळी शाळेच्या घाईत हे नको, तेव्हा आपला हात पुढे जातोच आणि पोर हिरमुसतं. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर दहा मिनिटं द्या. फ्रॉक उलटा घातला तर घरात तसाच राहू दे.