चक्रवाक आणि चकवा

उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, काढलेल्या एका छायाचित्राखाली पुण्याच्या एका पक्षीप्रेमी ताईंनी ‘दुर्मीळ चकवा’ असे लिहिले. त्यावर घरातल्यांनी ‘चकवा तर माणसाला वाट चुकवतो’ म्हणून त्यांची थट्टा केली. या केशरी बदकाचे मराठी नाव चकवा की चक्रवाक, आणि वाट चुकवणाऱ्या चकव्याशी त्याचे काही नाते आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

नाते नाही. पक्ष्याचे ‘चकवा’ हे नाव हिंदीतले असून ते संस्कृत ‘चक्रवाक’, प्राकृत ‘चक्कवाअ’ अशा पायऱ्यांनी झिजत आलेले आहे. आपला रानातला चकवा मात्र ‘चकणे’, ‘चकवणे’ या क्रियापदांच्या घरातला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द उच्चारात एकाच ठिकाणी पोहोचले, इतकेच. मराठीत नुसते ‘चकवा’ म्हटल्यावर पक्षी डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून ‘चक्रवाक’ हेच नाव वापरावे. ‘ब्राह्मणी बदक’ हेही चालते, पण त्यात चक्रवाकाची गंमत नाही.

ती गंमत अशी, की या जोडीने रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट सोसावी आणि सूर्योदयाला एकत्र यावे, असा कविसंकेत आहे. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी बुद्धी आणि बोध ही चक्रवाकांची जोडी भेदनदीच्या ‘दोहीं थडीं’, म्हणजे दोन्ही काठांवर, विरहाने ‘आरडाते’, म्हणजे आक्रंदत असते आणि ज्ञानसूर्य त्यांना भेटवतो. त्याउलट अथर्ववेदातील विवाहसूक्तात नवदांपत्याला चक्रवाकांच्या जोडीची उपमा दिली आहे आणि तिथे ताटातुटीचा मागमूस नाही. प्रत्यक्षातला पक्षी या दुसऱ्या चित्राच्या जवळचा आहे, कारण तो बहुधा जोडीनेच दिसतो. गेल्या जानेवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीतून पाहताना एक चक्रवाक उडाला, काळ्या पिसांवरचा पांढरा पट्टा उन्हात झळकला, आणि नाकातून काढल्यासारखा ‘आँग’ असा आवाज पाण्यावरून आला. क्षणभरात त्याच्या मागोमाग दुसराही उठला. हे पक्षी रात्रीही चरतात आणि अंधारात एकमेकांना साद घालतात, त्यावरून विरहाची कल्पना सुचली असावी, असे मला वाटते.

‘दुर्मीळ’ या विशेषणाबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. लडाख, तिबेट आणि मध्य आशियात वीण करणारा हा पक्षी आपल्याकडचा नेमाने येणारा हिवाळी पाहुणा आहे. ‘पाहुणा’ लिहिले की पुरे.

ताईंच्या छायाचित्रातल्या दोघांपैकी फिकट, जवळजवळ पांढऱ्या चेहऱ्याची ती मादी, म्हणजे चक्रवाकी. तेव्हा चित्राखाली ‘चक्रवाक आणि चक्रवाकी, भिगवण’ असे लिहावे.