बोटीवर जायच्या आधी काय विचारून घेऊ?

प्रश्न : नमस्कार ताई, मी मरीन बायोलॉजीत एमएस्सी करतेय. पुढच्या महिन्यात गोव्याहून रिसर्चच्या जहाजावर पहिल्यांदाच जाणारे. गाइड म्हणतात, सगळं तिकडे गेल्यावर कळेल. पण मला बोट लागायचं पण टेन्शन आहे आणि सॅम्पलचं पण. डार्विनने म्हणे निघायच्या आधी लोकांना गाठून गाठून सल्ले घेतले होते, खरं का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खरंय गं. 1831 च्या ऑगस्टअखेर ‘बीगल’ जहाजाच्या सफरीला बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा तो 22 वर्षांचा, वडील नाहीच म्हणत होते, मामाने मध्ये पडून त्यांना वळवलं (मामा लोक असे कामाला येतात), आणि मग पठ्ठ्या लंडनमध्ये ह्याला विचार त्याला विचार करत फिरला. मायक्रोस्कोप कुठला घ्यायचा ते वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनला विचारलं, आणि प्राण्यापक्ष्यांचा अभ्यासक यॅरेल तर बरोबर दुकानात जाऊन त्याच्यासाठी भावावरून भांडला.

बोट मात्र त्याला लागलीच, सफरीची जवळपास पाचही वर्षं. वडील डॉक्टर, त्यांनी सांगितलेल्या मनुका तेवढ्या पोटात टिकायच्या. तूही पिशवीभर ने, पण गोळी कुठली आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांना आत्ताच विचार, उलट्या सुरू झाल्यावर नाही.

आता सॅम्पल. परत आल्यावर डार्विनने इतरांसाठी सल्ले लिहिले त्यातला मला भारी आवडतो तो म्हणजे नंबराच्या चिठ्ठ्या आधीच छापून न्या, दर हजाराला वेगळा रंग, आणि 86 सारख्या आकड्यापुढे टिंब द्या कारण उलटा धरला की तो 98 होतो! आठवणीवर काहीही सोडू नका असंही बजावलंय, आणि गंमत बघ, 1835 मध्ये गॅलापागोस बेटांवर ह्यानेच फिंच पक्षी कुठल्या बेटावरचा कुठला ते नीट लिहिलं नव्हतं. मग घरी आल्यावर जहाजाचा कॅप्टन फिट्झरॉय आणि इतरांनी जमवलेले पक्षी बघून जुळवाजुळव करावी लागली.

तर गाइडना नको, मागच्या ट्रिपला गेलेल्या सीनियरला पकड. लेबल बरणीच्या आत टाकतात का, रात्री दोनला जाळं वर आलं तर नोंद कोण करतं, असलं बारीकसारीक विचार. आणि पेन्सिली ने भरपूर, साध्या, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग बरणीत नुसता कोरा कागद तरंगत बसतो.