गप्प बसलेला राग

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डात सगळ्यांसमोर तुझ्यावर नको तो आळ आला, खरं सांगायला तू तोंड उघडलंस आणि शब्दांच्या आधी डोळ्यांतून पाणी आलं. आता सगळे म्हणतात, पोरगी हळवी आहे. भावाला राग आला की तो ताट भिरकावतो आणि अर्ध्या तासानं जेवायला बसतो. तू मात्र रडतेस, नाहीतर चार दिवस अबोला धरतेस. आईचंही तसंच. म्हणून तू विचारतेस, 'मावशी, हे आमच्या रक्तातच आहे का?'

आधी एवढं सांगते, की त्या दिवशी तू रागावलेली होतीस. तो रागच होता आणि रास्त होता.

२०१६ चा उन्हाळा मी लातुरात काढला. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिलमध्ये. त्याआधी मार्चातच पाणी भरायच्या जागांभोवती कलम १४४ लावायची वेळ आली होती. एका दुपारी आमच्या गल्लीत टँकर आला. तासभर उन्हात उभं राहून माझा नंबर लागला, तेवढ्यात शेजारणीनं माझा हंडा पायानं बाजूला सारला आणि स्वतःची घागर पाइपाखाली धरली. माझ्या मागची बाई तिच्यावर तुटून पडली. घागर हिसकली, सात पिढ्यांचा उद्धार केला. मी दात आवळून उभी होते. कान तापले होते, हाताला कंप सुटला होता. अर्धा हंडा उचलला आणि घरी आले. संध्याकाळी बघते तर त्या दोघी ओट्यावर बसून एकाच सुपातली ज्वारी निवडत होत्या. मी मात्र शेजारणीशी दिवाळीपर्यंत बोलले नाही. झोपेत दात खायचे, सकाळी जबडा दुखायचा. गल्लीत बायका म्हणायच्या, मॅडम किती शांत आहेत.

त्या टँकरपाशी माझ्या आणि मागच्या बाईच्याही डोक्यात सुरुवात एकाच ठिकाणी झाली असणार. कानांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो, अमिग्डाला. धोका दिसला, अपमान झाला, की विचार पुरता जुळायच्या आधी तो जागा होतो. तिथून निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला, तिथून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते. तळपायाची आग मस्तकात गेली असं आपण म्हणतो, पण ती मस्तकातून खाली आलेली असते. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत हायपोथॅलॅमसपर्यंत बारीक तार नेऊन थोडी वीज दिली, तर मांजर पाठ वर काढून फिसकारायला लागलं. मेंदूच्या या भागावरच्या कामासाठी त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. तेव्हा राग रक्तात आहे का म्हणशील, तर सगळ्यांच्याच आहे, मांजराच्यासुद्धा.

तुझ्यात आणि भावात फरक पडतो तो पुढे. कपाळामागचा मेंदू, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हातात कासरा धरून बसलेला असतो. पंचविशीच्या आसपास तो पुरता पिकतो, म्हणजे तुझा अजून तयार होतोय. कासरा कधी ओढायचा, कधी सैल सोडायचा हे तो घरात बघून शिकतो. पोरगा ओरडला तर 'आजोबावर गेलाय', पोरगी ओरडली तर 'तोंड वर करून बोलू नको'. कुणी जन्मतःच तापट असतं, हे खरं आहे. पण पावसात काळ्या रानातून पहिली गाडी गेली, चाकं रुतली आणि वर ऊन पडलं, की ती चाकोरी विटेसारखी घट्ट होते. पुढची प्रत्येक गाडी आपसूक तिच्यातच उतरते. मेंदूतल्या जोडण्याही वापरून वापरून अशाच पक्क्या होतात. तुझ्या आईची चाकोरी कुणी पाडली, हे तिला एकदा विचार.

गिळलेल्या रागाचं मात्र मला फार वाटतं, कारण तो मी भोगलाय. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं सांगितलं. चेहरा शांत राहिला, पण आतला त्रास कमी झाला नाही. शरीरावरचा ताण उलट वाढला. भावाची तऱ्हाही हेवा करण्यासारखी नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. त्यांच्या निबंधांना मुद्दाम वाईट शेरे दिले. शेरे देणाऱ्याला मनात आणून ज्यांनी पिशवीवर ठोसे मारले, त्यांचाच राग सर्वांत जास्त राहिला. आदळआपट केली की वाफ निघून जाते म्हणतात, ते खरं ठरलं नाही. भाऊ आदळआपट करत रवंथ करतो, आपण गप्प बसून रवंथ करतो.

मग करायचं काय? रागाला नाव दे. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या प्रयोगात असं दिसलं, की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डाला थोडा निवतो आणि कपाळामागचा भाग कामाला लागतो. आपल्याकडे तर शब्दांची पेवं भरलेली आहेत: चीड, संताप, तिडीक, रुसवा, धुसफूस, उद्वेग. आईनं तुझ्या आधी भावाला वाढलं तर तो रुसवा. खोटा आळ आला तर ती चीड. नेमका शब्द सापडेपर्यंत शोध, आणि तो मोठ्यानं म्हण. डोळे भरले तर भरू देत, बोलणं थांबवू नको. 'मला चीड आलीय म्हणून रडू येतंय, माझं पुरतं ऐकून घ्या', एवढं वाक्य घोकून ठेव. मग घडलेलं सगळं तारीख-वेळेसह लिहून वरिष्ठांकडे दे.

आणि त्या दिवशी तू रात्रपाळी करून तशीच थांबली होतीस, हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस. मला ते पहिल्या ओळीत हवं होतं. रात्रभर जागवलेल्या तरुणांचा अमिग्डाला नकोशी चित्रं बघताना सुमारे ६० टक्के जास्त पेटतो, असं मॅथ्यू वॉकर यांच्या गटानं मोजलंय. जागरणानंतर कुणाशी वाद काढू नको. आधी झोप.

दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन शेजारणीकडे गेले. दारातच म्हणाले, 'उन्हाळ्यात तुम्ही माझा हंडा सारला, मला फार लागलं होतं.' बोलताना माझे डोळे भरले. ती बाई बघतच राहिली. मग मला आत घेत म्हणाली, 'तवाच बोलायचं की ओ मॅडम. मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या, आमच्याशी बोलायचं नसंल तुम्हाला.'

तुझी,
मावशी